‘पिता आणि पुत्र’ : वादातील अनुपस्थित पक्ष

इव्हान तुर्गेनेव्हची ‘पिता आणि पुत्र’ ही कादंबरी १८६२ मध्ये ‘रूस्की वेस्तनिक’ या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली. कथानक मात्र मे १८५९ मध्ये, म्हणजे रशियातील भूदासप्रथा रद्द होण्याच्या दोन वर्षे आधी, सुरू होते. या कालनिवडीतच कादंबरीचा ऐतिहासिक आशय सामावलेला आहे.

पावेल किर्सानोव्ह हा १८४० च्या दशकातील उमरावी उदारमतवादाचा वारस. बाझारोव्ह हा लष्करी वैद्याचा मुलगा, निसर्गविज्ञानाचा अभ्यासक आणि शून्यवादी; कोणतेही प्रामाण्य तो मानीत नाही. दोघेही शेतकऱ्याला साक्षीला ठेवून भांडतात. आपल्या आजोबांनी जमीन नांगरली, असे बाझारोव्ह अभिमानाने सांगतो. परंतु पुढे त्याच्याशी बोललेला शेतकरी त्याला काही न समजणारा मालक ठरवून मोकळा होतो. शेतकऱ्यांच्या लेखी आपण विदूषकच आहोत, याची बाझारोव्हला कल्पनाही नसते.

समकालीन समीक्षा या प्रसंगापाशी फारशी थांबली नाही. अंतोनोविच यांना बाझारोव्हमध्ये तरुण पिढीची निंदा दिसली. पिसारेव्ह यांना त्याच पिढीचे खरे रूप. वाद पुत्रांच्या चित्राभोवतीच फिरत राहिला. १८७४ च्या उन्हाळ्यात ‘लोकांकडे’ निघालेल्या तरुणांना खेड्यापाड्यांत जो अविश्वास भेटला, त्याची खूण तुर्गेनेव्हने बारा वर्षांपूर्वीच नोंदविली होती. पिढ्यांमधील दरीपेक्षा सुशिक्षित आणि शेतकरी यांमधील दरी अधिक खोल होती, हेच या कादंबरीचे मर्म होय.