मृत्यूची खतावणी

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वैद्यांची आणि संशोधकांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु या शास्त्राच्या पायाचा एक दगड लंडनमधील एका कापड-व्यापाऱ्याने बसविला, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नसते. जॉन ग्राँट हे त्याचे नाव. जन्म १६२० चा. विद्यापीठाचे शिक्षण नाही. वडिलांचा धंदा पुढे चालविणारा हा गृहस्थ.

त्या काळी लंडनमध्ये दर गुरुवारी मृत्यूंचे पत्रक छापून प्रसिद्ध होत असे. कोणी मरण पावले की त्या भागातील शपथबद्ध वृद्ध स्त्रिया प्रेत पाहून मृत्यूचे कारण सांगत आणि चर्चचा कारकून ते नोंदवून घेई. लोक पत्रक वाचत, प्लेग वाढला की गाव सोडत, आणि पत्रक बाजूला टाकून देत. ग्राँटने मात्र अनेक वर्षांची पत्रके जमविली, व्यापारी जशी रोजकीर्दीवरून खतावणी करतो तशी खातेवार मांडणी केली आणि १६६२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्याची खरी थोरवी नोंदी तपासण्यात होती. १६२५ च्या प्लेगच्या वर्षी एकूण ५४,२६५ दफने नोंदली गेली. त्यांपैकी प्लेगची ३५,४१७. उरलेली १८,८४८ अन्य कारणांखाली दाखविली होती. एरवीच्या वर्षी हा आकडा सात-आठ हजारांच्या घरात असे. मग हे अकरा हजार जास्तीचे कोठून आले? ते प्लेगचेच बळी असून भलत्या खात्यात टाकले गेले, असे ग्राँटने अनुमान काढले. पत्रकांत वय लिहिलेले नसे. तरीही बालकांच्या रोगांवरून हिशेब करून, जन्मणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावतात, असा अंदाज त्याने मांडला. जे दुःख घरोघरी दैव म्हणून सोसले जात होते, ते प्रथमच सर्व शहराचे दुःख म्हणून आकड्यांत दिसले. रॉयल सोसायटीने या दुकानदारास सदस्यत्व दिले. पुढे १६६६ च्या आगीत त्याची मालमत्ता गेली आणि १६७४ मध्ये तो विपन्नावस्थेत वारला.

ग्राँटला बालमृत्यू मोजता आले, पण थांबविता आले नाहीत. मोजण्यापासून थांबविण्यापर्यंतचे पाऊल कसे पडते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावोगावचे जन्म-मृत्यू काळजीपूर्वक नोंदविले. हजार जिवंत जन्मांमागे ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन नवजात बालकाची घरीच काळजी व जंतुसंसर्गावर औषधोपचार सुरू झाले. तुलनेसाठी ४७ गावांतील नोंदीही ठेवल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी तो ६२ चा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींची योजना देशभर स्वीकारली. तुलनेची ती ४७ गावे नसती, तर हे यश योगायोग म्हणून सहज नाकारता आले असते.

आपण व्यापारी वर्षाकाठी ताळेबंद काढतो, कारण न मोजलेला तोटा भरून काढता येत नाही. आपल्या गावात, आपण चालवितो त्या दवाखान्यांत किती रुग्ण आले हे आपण अभिमानाने छापतो. किती बरे झाले, किती पुन्हा आलेच नाहीत आणि का, हेही लिहून ठेवले पाहिजे. दानाची रक्कम पावतीत दिसते. त्या दानाने कोणाचा जीव वाचला, हे अशा वहीतच दिसेल.