बंडानंतरची पेरणी

नांदेड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की गोदेचा काठ आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच जिल्ह्यातील किनवटच्या डोंगराळ मुलखाची कथा निराळी आहे. 1956 पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि तेथील गोंड व कोलाम शेतकऱ्यांचे भवितव्य त्या जिल्ह्याशीच बांधलेले होते.

गोंडांची शेती अडाणी होती, हा समज खरा नव्हे. उतारावरील हलकी जमीन काही वर्षे कसावयाची, मग पडीक टाकावयाची आणि तिच्यात कस आला म्हणजे पुन्हा नांगर घालावयाचा, असा त्यांचा क्रम होता. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा विश्रांतीला ठेवलेली ही राने सरकारी जंगलात गेली. खालच्या काळ्या जमिनींचे पट्टे कागदपत्रे जाणणाऱ्या बाहेरच्या मंडळींनी आपल्या नावे करून घेतले. ज्याने रान साफ केले, तोच उपरा ठरला.

यातूनच बाबेझरीचे प्रकरण पेटले. 1940 साली कुमराम भीमू हा गोंड पुढारी जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. बंड मोडले, पण बंडाचे कारण मोडले नव्हते.

ते शोधण्याचे काम हैदराबाद सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्यांचे निदान सरळ होते: या लोकांना जमीन हवी, आणि ती त्यांच्या नावाने हवी. त्यानंतरच्या काही वर्षांत अकरा हजारांहून अधिक आदिवासींना सुमारे 1,60,000 एकर जमिनीचे पट्टे मिळाले. 1943 साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली.

या कार्यात लातूरकरांनी अभिमान बाळगावा असे एक नाव आहे. आज लातूर जिल्ह्यात असलेल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी आदिलाबादेत अधिकारी होते. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी गोंडांवर ग्रंथ लिहिला आणि गोंडीचे व्याकरणही रचले. रयतेचे गाऱ्हाणे दुभाष्याशिवाय ऐकणारा अधिकारी ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढे काय झाले? 1970 नंतर हायमेनडॉर्फ परत आले, तेव्हा दिलेल्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेलेली त्यांना दिसली. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीला गोंडांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्राने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा 1974 साली केला, आणि वनहक्काचा केंद्रीय कायदा 2006 साली झाला. दोन्ही कायद्यांच्या मुळाशी प्रश्न तोच आहे.

तेव्हा बोध एवढाच घ्यावयाचा की, उद्ध्वस्त गाव नुसत्या दानाने वसत नाही. पट्टा द्यावा लागतो, तो राखावा लागतो, आणि कसणाऱ्याला जमिनीची जी रीत ठाऊक आहे, तिलाही कायद्यात जागा द्यावी लागते. बंदुकीने शांतता होते खरी. पण पेरणी होते ती हक्काच्या रानात.