चोपन्न सह्या, ऐंशी तास

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०१९, संध्याकाळ

वरळीच्या नेहरू सेंटरमधली शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तिन्ही पक्षांची बैठक आटोपून शरद पवार बाहेर आले आणि मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं सांगून गाडीत बसले. त्यांचे पुतणे अजित पवारही त्या बैठकीला होते. राष्ट्रपती राजवट लागून दहा दिवस झाले होते. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, आणि बहुमताला हवेत १४५. वर्तमानपत्रांनी उद्धव यांच्या नावाचा मथळा लावून पानं छपाईला सोडली.

त्या रात्री अजितदादांच्या हातात नेमकं काय होतं? बारामतीतून १,६५,२६५ मतांनी मिळालेला विजय होता. समोरच्या भाजप उमेदवाराचं डिपॉझिटही वाचलं नव्हतं. ३० ऑक्टोबरला मिळालेलं विधिमंडळ गटनेतेपद होतं. आणि चोपन्न आमदारांच्या सह्यांचा कागद होता. पक्षाध्यक्ष साहेब, म्हणजे शरद पवार असले, तरी राज्यपालांना आमदारांच्या वतीनं पत्र द्यायचा मान गटनेत्याचा. एरवी या कारकुनी कामाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

शनिवार, पहाटे ५.४७

राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना निघाली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा भरली नाही. कामकाज नियमावलीतला बारावा नियम पंतप्रधानांना अशी सवलत देतो; मंजुरी मागाहून घेतली की झालं.

सकाळी आठच्या सुमारास. ऐंशी तास बाकी

राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. घरोघरी चहाच्या टेबलावर उद्धव यांच्या नावाचा पेपर आणि समोर टीव्हीवर हा शपथविधी! अनेकांना आधी जुनं चित्रण चाललंय असंच वाटलं. तिथे राष्ट्रवादीचे दहा-अकरा आमदार होते. बाकीच्यांच्या नुसत्या सह्या.

थोड्या वेळात शरद पवारांचं ट्वीट आलं: हा अजित यांचा वैयक्तिक निर्णय, पक्षाचा नव्हे. त्यांची कन्या सुप्रिया सुळे यांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर पक्ष आणि कुटुंब दोन्ही फुटल्याची ओळ झळकली.

दुपार

माझ्या मते सरकार खरं तर इथेच पडलं. पुढचे तीन दिवस त्याचे सोपस्कार. यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये साहेब उद्धव यांना शेजारी बसवून पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी सकाळी राजभवनात असलेल्या आमदारांनाच बोलतं केलं. सिंदखेडराजाचे राजेंद्र शिंगणे, बीडचे संदीप क्षीरसागर. शिंगणे यांनी सांगितलं ते असं: चर्चेसाठी दादांचा निरोप आला, इतरांबरोबर राजभवनावर नेलं, काय चाललंय ते कळेपर्यंत शपथ होऊन गेली, मग तडक साहेबांचं घर गाठलं. सह्यांबद्दल साहेबांनी एवढंच म्हटलं की पक्षाच्या कार्यालयात आमदारांच्या सह्यांच्या याद्या असतात, त्यातलीच एक गटनेत्यानं नेली असावी.

संध्याकाळी दादांचं गटनेतेपद काढून अधिकार प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील यांच्याकडे दिले. आमदार धनंजय मुंडे दिवसभर बेपत्ता राहून बैठकीला येऊन बसले. शहापूरच्या दौलत दरोडांसाठी तर पोलिसांत बेपत्ता झाल्याची तक्रार गेली. दरोडा, दिंडोरीचे नरहरी झिरवाळ आणि आणखी काही जण दिल्लीकडे नेले गेले होते. सोमवारपर्यंत तेही परतले.

रविवार, सकाळी ११.३०; साडेबावन्न तास बाकी

तिन्ही पक्षांच्या याचिकेवर सुट्टीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालय बसलं. न्या. रमणा, न्या. अशोक भूषण, न्या. संजीव खन्ना. तातडीच्या बहुमत चाचणीचा आदेश काही मिळाला नाही. राज्यपालांकडची पत्रं उद्या आणा, एवढंच सांगितलं. दुपारी दादांनी ट्वीट केलं की मी राष्ट्रवादीतच आहे आणि साहेबच आमचे नेते. साहेबांनी ते दिशाभूल करणारं ठरवलं.

सोमवार

२५ नोव्हेंबर, यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. इकडे एवढा गदारोळ, आणि साहेब सकाळी कराडला प्रीतिसंगमावर, त्यांच्या समाधीपाशी! फडणवीसांनी मंत्रालयात कारभार हाती घेतला, दादांनी घेतला नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं, दादांवर ज्याचे आरोप होत आले त्या सिंचन घोटाळ्यातली नऊ प्रकरणं बंद केली आणि त्यांचा अजित पवारांशी संबंध नसल्याचा खुलासाही केला. खुलासा खरा मानला, तरी वेळ साधली ती साधलीच.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात सॉलिसिटर जनरल तुषार मेहतांनी हिशेब मांडला: भाजपचे १०५, राष्ट्रवादीचे ५४, अपक्ष व इतर ११, एकूण १७०. राष्ट्रवादीचे वकील अभिषेक मनु सिंघवी यांनी त्यातल्या ५४ वर बोट ठेवलं. सह्या आहेत, पण भाजपला पाठिंबा देतो असं त्या सह्यांच्या वर कुठं लिहिलंय?

संध्याकाळी सातला सांताक्रूझच्या ग्रँड हयातमध्ये ‘आम्ही १६२’चा फलक लागला. आमदारांना एकनिष्ठतेची शपथ दिली गेली. तिला कायद्यात कवडीची किंमत नाही, पण कॅमेऱ्यात तोंडं दिसली. माझ्या लेखी त्याहून मोलाचं होतं ते साहेबांचं एक वाक्य. काढून टाकलेला गटनेता व्हिप काढू शकत नाही, तुमची आमदारकी जाणार नाही, जबाबदारी माझी, असं त्यांनी सांगून टाकलं. दादांच्या बाजूला कुणी राहिलं असतं तर या भीतीपोटीच, आणि आता तीही गेली.

मंगळवार, सकाळी १०.३०; साडेपाच तास बाकी

संविधान दिनीच निकाल आला. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी, हंगामी अध्यक्षांसमोर, उघड मतदानानं, थेट प्रक्षेपणासह. उघड मतदान म्हटल्यावर कागदावरच्या चोपन्न जणांना एकेक करून उभं राहावं लागणार होतं.

दुपारी

अजित पवारांनी फडणवीसांकडे राजीनामा दिला. साडेतीनला फडणवीस पत्रकारांसमोर आले, आमच्याकडे बहुमत उरलेलं नाही म्हणाले आणि राजभवनाकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी विधानभवनाच्या दारात सुप्रियाताईंनी दादांना मिठी मारली. ३० डिसेंबरला दादा पुन्हा उपमुख्यमंत्री झाले, उद्धव यांच्या मंत्रिमंडळात. २ जुलै २०२३ च्या रविवारी त्यांनी पुन्हा भाजपच्या साथीनं राजभवनात शपथ घेतली, ती भरदुपारी आणि आठ सहकारी मंत्र्यांसह. पक्षावर दावा सांगताना निवडणूक आयोगाकडे त्यांच्या गटानं जे कागद दिले, त्यांत या खेपेला आमदार-खासदारांची चाळीसहून अधिक प्रतिज्ञापत्रं होती, आणि सह्या कशासाठी केल्या तेही त्यांत लिहिलेलं होतं.