क्यासनूर अरण्य रोग : संशोधनाचा इतिहास

क्यासनूर अरण्य रोग : गोचिडीच्या दंशाने माकडांना व माणसांना होणारा, व्हायरसजन्य, तीव्र ज्वराचा रोग. कर्नाटकातील शिमोगा (शिवमोग्गा) जिल्ह्यातील क्यासनूर या अरण्यावरून त्याला हे नाव मिळाले. ‘माकडताप’ हे त्याचे रूढ नाव असून मलनाड भागात त्याला ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा आजार म्हणतात. दंशानंतर साधारणतः ३ ते ८ दिवसांनी एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी व स्नायूंत असह्य वेदना सुरू होतात. काही रोग्यांत रक्तस्राव होतो, तर काहींना मध्यंतरी बरे वाटून पुन्हा ताप येतो व मेंदूच्या विकाराची लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारणपणे ३ ते ५ टक्के असते. नव्याने उद्भवलेल्या रोगाचा उलगडा कोणत्याही एका शास्त्राला एकट्याने करता येत नाही, हे या रोगाच्या संशोधनाच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

प्रारंभ : १९५७ च्या आरंभी तत्कालीन म्हैसूर राज्यातील सागर व सोरब तालुक्यांच्या जंगलांत वानर व माकडे मोठ्या संख्येने मरून पडू लागली आणि त्याच सुमारास लगतच्या खेड्यांत तापाची साथ उद्भवली. माकडे व माणसे एकाच वेळी रोगग्रस्त झाल्यामुळे हा पीतज्वर तर नव्हे, अशी भीती निर्माण झाली. पीतज्वर आशियात आढळत नव्हता. परंतु त्याचा प्रसार करणारा डास मात्र भारतात सर्वत्र होता. त्यामुळे या शंकेचे निरसन तातडीचे ठरले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या व्हायरस संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) हे काम हाती घेतले. टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांचे भारतीय सहकारी यांनी मृत माकडे, आजारी माणसे व गोचिडी यांच्यापासून एक नवा व्हायरस वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. पहिल्या वर्षी ४६६ व १९५८ मध्ये १८१ रोगी आढळल्याची नोंद आहे.

पक्ष्यांविषयीची उपपत्ती : हा व्हायरस रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाशी निकटचा संबंध असलेला निघाला. तो इतक्या दूरवरून आला कसा, या प्रश्नाला हिवाळ्यात उत्तरेकडून भारतात येणारे पक्षी हे एक संभाव्य उत्तर होते. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींमार्फत तो आला असावा, ही शंका तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास आरंभिला. पक्ष्यांना पकडणे, त्यांच्या पायांत कडी अडकविणे, अंगावरील गोचिडी गोळा करणे व रक्ताचे नमुने घेणे अशी कामे वर्षानुवर्षे चालली. पक्ष्यांनी हा रोग भारतात आणल्याचे सिद्ध झाले नाही. तथापि भारतातील पक्षिस्थलांतराच्या माहितीत या कामाने मोलाची भर पडली. पुढे १९९५ मध्ये सौदी अरेबियात सापडलेला अल्खुर्मा व्हायरस याच कुलातील असून क्यासनूरच्या व्हायरसाचा निकट संबंधी आहे. यावरून हा वंश या प्रदेशात बराच जुना असावा, असे अनुमान निघते.

परिस्थितिवैज्ञानिक संशोधन : व्हायरस जुना, तर साथ १९५७ मध्येच का उद्भवली? याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणे शक्य नव्हते. कीटकवैज्ञानिक, सस्तन प्राण्यांचे अभ्यासक व वनस्पतींचे जाणकार यांनी ऋतूनुसार जंगलाची पाहणी केली. जमिनीवर कापड ओढून गोचिडी मोजण्यात आल्या. उंदीर व चिचुंद्र्या पकडून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासण्यात आली. ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड प्रमुख वाहक ठरली. तिचे डिंभ व त्यापुढील अपक्व अवस्था लहान सस्तन प्राणी, पक्षी व माकडे यांच्या रक्तावर जगतात; प्रौढ मादीला मात्र मोठा प्राणी लागतो. अपक्व अवस्था डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत विपुल असतात आणि लाकूडफाटा व पाला आणण्यासाठी लोक जंगलात जातात तेही याच काळात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात व तो परिसर धोक्याचा बनतो.

कोलंबियात जंगली पीतज्वराचा अभ्यास केलेले होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये या सर्व निरीक्षणांचा एकत्र अर्थ लावला. वस्ती व शेती यांसाठी जंगल तोडले गेले, मोकळ्या जागी झुडपे माजली आणि तेथे गुरे चरू लागली. प्रौढ गोचिडींना गुरांच्या रूपाने मुबलक भक्ष्य मिळून त्यांची संख्या वाढली व जंगलात मर्यादित असलेले रोगचक्र गावाच्या सीमेपर्यंत आले. गुरे स्वतः या रोगाने आजारी पडत नाहीत. ती गोचिडींना पोसतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय व ब्रिटिश संशोधकांच्या संयुक्त अभ्यासातही सदाहरित वने व मळे यांची सरमिसळ आणि देशी गुरांची दाट संख्या असलेले प्रदेश अधिक धोक्याचे आढळले.

प्रसार व प्रतिबंध : अनेक वर्षे हा रोग कर्नाटकापुरता मर्यादित होता. २०१२ नंतर तो तमिळनाडू व केरळ राज्यांत, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याचा विशेष उपद्रव झाला. कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मॅलिनाने निष्क्रिय केलेल्या व्हायरसाची लस कर्नाटकात १९९० पासून वापरात होती. २०१३ मधील एका अभ्यासात दोन मात्रांची परिणामकारकता सु. ६२ टक्के आढळली. संरक्षण अपुरे ठरल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. या रोगावर विशिष्ट औषध नाही. गोचीड-विकर्षक तेल लावणे, अंगभर कपडे घालणे, मृत माकडांची खबर त्वरित देणे व त्या परिसरात जाणे टाळणे, हे उपाय योजतात.

रोगाची साखळी १९६९ पर्यंत बहुतांशी उलगडली होती. तरीही तिच्यापासून संरक्षणाची खात्रीची सोय झाली नाही. जंगलावर उपजीविका असलेला गुराखी व मजूर यांना जंगल टाळा, हा सल्ला पाळता येत नाही. व्हायरस, गोचीड, माकड, गुरे व वन यांच्या अभ्यासाला त्यामुळे या लोकांच्या अर्थव्यवहाराच्या अभ्यासाची जोड मिळणे अगत्याचे ठरते.