दोन फवाऱ्यांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात मी एक लाल फेरारी बिघडवली. खरी बिघडवायची आपली ऐपत नाही, त्यामुळे १/२४ मापाच्या प्लॅस्टिकच्या फेरारीवर भागवलं. तीन वीकांत भाग घासण्यात आणि जुळवण्यात गेले. मग हौसेनं एअरब्रश आणला. दुकानात होता त्यातला सगळ्यात बारीक तोंडाचा, ०.२ मिलिमीटरचा. हिशोब साधा होता : जितकं बारीक, तितकं भारी. रंग मारला, वाळला, आणि बघतो तर बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा! बायको म्हणाली, "छान आहे की. नागपूरची फेरारी."

त्याच रविवारी मामा जेवायला आला होता. मामाची सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेली. त्यानं माझा एअरब्रश हातात घेतला, सुई उजेडात धरली आणि विचारलं, "अरे, हे तर सही करायचं पेन आहे. गाडी कशानं रंगवणार आहेस?"

मी जरा खट्टू झालो. पण प्रश्न डोक्यात राहिला. मग आपल्या सवयीप्रमाणे बग सोडून त्याचा इतिहास खणत बसलो, तेव्हा कळलं की मामा शब्दशः खरं बोलत होता. हवेनं रंग उडवणाऱ्या हत्यारांची दोन वेगळी घराणी आहेत, आणि मी चुकीच्या घराण्याकडे गाडी घेऊन गेलो होतो.

पहिलं घराणं फोटोवाल्यांचं. १८७६ साली फ्रान्सिस एडगर स्टॅनली या अमेरिकन माणसानं रंग फवारण्याच्या एका उपकरणाचं पेटंट घेतलं. तेव्हा फोटो काळे-पांढरे असायचे, ते हातानं रंगवून, सुधारून द्यायची पद्धत होती. त्या कामात ब्रशचे फटकारे दिसले की मजा गेली. पुढे १८७९ मध्ये आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलरनं हातात धरून चालवायचं यंत्र बनवलं. त्यात हवेच्या झोतानं सुई मागेपुढे हलायची आणि रंगाचा कण कण झोतात नेऊन सोडायची. पीलरनं त्याचे हक्क लिबर्टी वॉकअप नावाच्या गृहस्थाला विकले. वॉकअपनं त्यात सुधारणा करून १८८३ साली इलिनॉयमध्ये रॉकफर्डला कंपनी काढली. 'एअर ब्रश' हे नाव त्याच्या बायकोनं, फिबीनं, सुचवलं असं सांगतात. लोकांना हे वापरता येईना म्हणून या नवरा-बायकोनं ते शिकवायची शाळासुद्धा काढली. म्हणजे आधी प्रॉडक्ट आणि मग ट्रेनिंग, हा धंदा आपल्या फील्डनं शोधलेला नाही :-)

आजचा एअरब्रश मात्र चार्ल्स बर्डिकचा. १८९२ सालचं त्याचं डिझाइन पेनासारखं दिसतं. सुई नॉझलच्या बरोबर मधून जाते, ती मागे सरकली की फट मोठी होते आणि जास्त रंग येतो. हवा आणि रंग तोंडापाशी आतच मिसळतात. आपण ज्याला डबल ॲक्शन म्हणतो, म्हणजे खटका खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, ते याच वाटेनं आलं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, मूळ रचना तीच आहे. आणि ती रचना कशासाठी? माणसाच्या चेहऱ्यासाठी. गालावरची सावली, केसाची बट, डोळ्यातली चमक. थोडक्यात, सही करायचं पेन.

आता दुसरं घराणं. याची सुरुवात चक्क घशातून होते. ओहायोतल्या टोलेडो गावात डॉ. ॲलन डीव्हिलबिस नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध फवारायला त्यांनी रबरी फुग्याचा फवारा बनवला आणि १८८८ मध्ये त्याचा कारखाना टाकला. त्यांच्या मुलानं, थॉमसनं, हीच कल्पना मोठी केली आणि १९०७ च्या सुमारास स्प्रे गन तयार झाली. आधी ती लाकडी फर्निचरवर चालली. इथं चेहराबिहरा काही नाही. मोठा सपाट भाग, कमी वेळ, सगळीकडे सारखा ओला थर, एवढीच अपेक्षा.

गंमत म्हणजे ही दोन प्रकारची कामं एकदा एकाच आवारात झाली होती. १८९३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं (विवेकानंदांचं भाषण झालं ती धर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती). तिथं थेयर अँड चँडलर कंपनीनं बर्डिकचा पेनासारखा एअरब्रश मांडला. आणि त्याच प्रदर्शनाच्या प्रचंड इमारती चित्रकार फ्रँक मिलेच्या देखरेखीखाली दाबाच्या हवेनं पांढऱ्या फवारून काढल्या होत्या, कारण ब्रशनं ते काम वेळेत होणं शक्यच नव्हतं. एकीकडे गालावरची सावली, दुसरीकडे अख्ख्या भिंती.

मग गाड्या यात कधी आल्या? सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. ब्रशनं रंग आणि व्हार्निशचे हात, प्रत्येक हात वाळायची वाट, मध्ये घासणं. एका गाडीला कित्येक आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची, त्यामागेही स्वस्त, टिकाऊ आणि भराभर होणारं काम हेच गणित होतं. कोंडी फोडली ती ड्यूपाँच्या ड्यूको या नायट्रोसेल्युलोज लॅकरनं. जनरल मोटर्सनं १९२४ च्या निळ्या ओकलंड गाडीवर ते वापरलं आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. पण लॅकर इतकं पटकन वाळतं की ब्रशचा दुसरा फटकारा पहिल्यालाच ओढून घेतो. म्हणजे रंग बदलला म्हणून हत्यारही बदलणं भाग पडलं, आणि डॉक्टरच्या घराण्यातली स्प्रे गन गाड्यांच्या कारखान्यात पक्की झाली. रस्त्यावर रंगीबेरंगी गाड्या दिसू लागल्या त्या यानंतर.

इथं माझ्या फेरारीचा बग सापडला. मॉडेल म्हणजे गाडीच, फक्त चेहऱ्याच्या आकाराची. हत्यार पहिल्या घराण्याचं घ्यावं लागतं, पण सवयी दुसऱ्या घराण्याच्या हव्यात. ०.२ च्या नॉझलमधून इतका अरुंद फवारा येतो की बॉनेट भरायला दहा पट्टे ओढावे लागतात. शेजारचा पट्टा येईपर्यंत आधीचा सुकलेला, काही कण तर हवेतच सुकून दाण्यासारखे बसलेले. तीच ती संत्र्याची साल. मामाचं पेंट शॉपमधलं वाक्य होतं, "रंग गाडीवर ओला पोचला पाहिजे, आणि पोचल्यावर पसरला पाहिजे."

थराचंही गणित आहे. खऱ्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात. तेवढाच रंग १/२४ मॉडेलवर बसला तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा लेप दिल्यासारखं होतं. दरवाजाची फट बुजते, गाडी खेळणं दिसायला लागते. म्हणून थर ओला हवा, पण पातळ.

तर, नव्यानं घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव : बॉडीसाठी ०.४ किंवा ०.५ चं नॉझल, ०.२ फक्त बारीकसारीक कामाला. डबल ॲक्शन, वर वाटी असलेला. रंग दुधाइतका पातळ. दाब १५ ते २० पीएसआय. टाकी असलेला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा धक्के देत नाही, आणि पाणी अडवणारा ट्रॅप. लॅकर वापरणार असाल तर सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क, उघडी खिडकी आणि जवळपास ज्योत नको, यात तडजोड नाही. आणि भर पावसाळ्यात लॅकर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

मी बॉडी अल्कोहोलमध्ये बुडवून अॅक्रिलिक रंग काढला, ऑक्टोबरपर्यंत थांबलो आणि ०.५ नं पुन्हा रंगवली. मामा शेजारी स्टूल टाकून बसला होता. तिसऱ्या हाताला म्हणाला, "आता थांब." मला अजून एक मारायचा होता, पण थांबलो.

या स्टॅनलीचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलंच. त्यानं जुळ्या भावाबरोबर फोटोच्या काचा विकून पैसा केला आणि १८९७ पासून दोघं वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवू लागले. १९०६ मध्ये त्यांच्या गाडीनं ताशी सुमारे २०५ किलोमीटरचा विक्रम केला. १९१८ साली मोटार चालवतानाच अपघातात तो गेला. फोटो सुधारायला फवारा शोधणारा माणूस शेवटी गाडीवालाच निघाला. त्यामुळे फेरारी घेऊन मी त्याच्या दारात गेलो, यात अगदीच चूक नव्हती. फक्त सुई चुकली.