मोरोक्को : दोन भाषा, एक कोठार

मंडळी, मृग लागला की आपल्याकडे पेरणीची घाई उडते, आणि आषाढी जवळ आली की वारीची. मृग नक्षत्र सूर्यावरून धरायचे, एकादशी चंद्रावरून. शेतीचे गणित वेगळे, देवाधर्माचे वेगळे. पण पंचांग एकच, आणि त्यात कुणाला कधी अडचण वाटलेली नाही.

आज ज्या देशाची ओळख करून घ्यायची, तिथले शेतकरीही अशीच दोन गणिते सांभाळतात. देशाचे नाव मोरोक्को. आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात तो वसला आहे. उत्तरेला भूमध्य समुद्र, पश्चिमेला अटलांटिक महासागर, मधोमध अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा आणि पलीकडे सहाराचे वाळवंट. इथले लोक मुसलमान. रोजे आणि ईद हिजरी सनाच्या चांद्रमासांवरून पाळतात. नांगरट आणि पेरणी मात्र जुन्या सौर महिन्यांवरून. यन्नायर, फुरार, मार्स, इब्रीर ही त्या महिन्यांची नावे रोमन लोकांच्या काळापासूनची. यन्नायरचा पहिला दिवस आपल्या संक्रांतीच्या सुमारास येतो. त्या दिवशी कित्येक घरांत सात भाज्या घालून कुसकुस शिजते. कुसकुस म्हणजे गव्हाच्या रव्याचे हाताने वळलेले बारीक दाणे, रश्श्याच्या वाफेवर शिजवलेले. एका मोठ्या ताटात ते मांडतात आणि सारे घर भोवती बसून जेवते. आपली भोगीची भाजी आठवली ना?

या देशात दोन प्रवाह मिसळले आहेत, एक अरबांचा आणि दुसरा तिथल्या मूळच्या लोकांचा. या मूळच्या लोकांना जग ‘बर्बर’ म्हणते. ज्यांची बोली समजत नाही, त्यांना ग्रीक आणि रोमन लोक अशा नावाने हाक मारीत. आपल्याकडेही संस्कृतातून हाच शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला ‘रानटी’. ते लोक स्वतःला म्हणवतात अमाझिघ, अनेकवचनी इमाझिघेन. त्याचा अर्थ बहुधा ‘स्वतंत्र माणसे’ असा सांगतात. तेव्हा आपणही त्यांना त्यांच्याच नावाने ओळखू या.

सातव्या शतकात अरब फौजा इथे आल्या. पुढे सुमारे 788 साली इद्रिस नावाचा एक अरब सरदार बगदादच्या खलिफांच्या भीतीने पळत या मुलखात आला. अवरबा नावाच्या अमाझिघ टोळीने त्याला आसरा दिला आणि आपला पुढारीही केला. त्याने बायको केली ती अमाझिघ, आणि त्यांचा मुलगा पुढे गादीवर बसला. नंतर अकराव्या-बाराव्या शतकांत ज्या दोन घराण्यांनी स्पेनपर्यंत राज्य केले, ती दोन्ही अमाझिघ. पण त्यांच्या दरबाराची लेखणी चाले ती अरबीत. आता सांगा, अरब कुठे संपतो आणि अमाझिघ कुठे सुरू होतो?

याच मिश्रणातला एक माणूस आपल्या दारापर्यंत येऊन गेला आहे. इब्न बतूता याचा जन्म 1304 साली तांजिए शहरात झाला. घराणे अमाझिघ, विद्या अरबी. चौदाव्या शतकात तो दौलताबादेला आला, नंदुरबारलाही आला. इथले मराठे कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात निपुण आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे.

आता खेड्यात चला. दक्षिणेकडच्या डोंगरांत पाऊस बेभरवशाचा. एक वर्ष पिकले तर दोन वर्षे पुरवावे लागते. म्हणून तिथल्या गावांनी सामाईक कोठारे बांधली. त्यांना म्हणतात अगादीर. काही कोठारे थेट कड्याच्या माथ्यावर आहेत, म्हणजे लुटारूंना सहजी पोचता येऊ नये. आत मजल्यांवर मजले आणि प्रत्येक कुटुंबाची वेगळी खोली. तिथे सातू ठेवायचे, दागिने ठेवायचे, जमिनीचे कागदही ठेवायचे. खोलीचे कुलूप ज्याचे त्याचे, पण बाहेरचा दरवाजा साऱ्या गावाचा. राखण करायला एक अमीन नेमलेला. त्याला मेहनताना गावाने द्यायचा, आणि चोरी झाली तर जाब त्यालाच विचारायचा. कोठाराचे कायदे पंचांनी ठरवलेले. कुणी चोरी केली तर किती दंड, कुणी भांडण केले तर किती, सारे बारकाईने लिहून ठेवलेले. आता गंमत पाहा. रिवाज अमाझिघ लोकांचा, पण लिहिलेला अरबी अक्षरांत.

तिथे एकमेकांच्या शेतावर मिळून राबण्याची रीतही आहे. तिला म्हणतात तिवीझा. एकाच्या शेतावर सारे जमतात, काम उरकतात आणि तो सर्वांना जेवू घालतो. आपल्याकडे जुनी माणसे याला इर्जिक म्हणत.

अशा एकजीव झालेल्या समाजात फूट पाडण्याचा डाव एकदा खेळला गेला. 1912 साली मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात गेला होता. 16 मे 1930 रोजी फ्रेंचांनी सुलतानाच्या सहीने एक फर्मान काढवले. अमाझिघ मुलखाला वेगळी न्यायालये, बाकीच्यांना वेगळी. वरवर पाहता रिवाजाचा मान राखल्यासारखे दिसले. पण लोकांनी डाव ओळखला. संकटकाळी मशिदींत जी करुणा भाकतात, तिच्यात गावोगाव नवे मागणे आले, की देवा, आमच्या भावांची आणि आमची ताटातूट करू नकोस. अखेर 1934 साली त्या फर्मानातला फौजदारी भाग मागे घ्यावा लागला. स्वातंत्र्याच्या चळवळीने इथेच मूळ धरले. 1956 साली देश मोकळा झाला.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. फुटीची धास्ती इतकी खोल बसली होती, की स्वराज्यात अमाझिघ भाषेचे नाव काढणे म्हणजेच फूट पाडणे असे वाटू लागले. शाळेत अरबी आली, फ्रेंचही राहिली. आईच्या भाषेला मात्र जागा नव्हती. डोंगरातले पोर पहिल्या दिवशी शाळेत यायचे आणि गुरुजी काय बोलतात तेच त्याला कळायचे नाही. वर्गात बसलेले पोर गप्प राहिले, तर ते मठ्ठ ठरायचे. 1 मे 1994 रोजी अर-राशिदिया गावी मिरवणुकीत काही लोकांनी फलक धरले, की आमची भाषा शाळेत शिकवा. त्यांना अटक झाली, आणि त्यांत शिक्षकही होते. त्याच ऑगस्टमध्ये राजे दुसरे हसन यांनी ही भाषा शिकवली जावी असे जाहीर भाषणात सांगितले. 2001 साली त्या भाषेसाठी राजाश्रयाची संस्था निघाली. 2003 पासून काही शाळांत ती तिफिनाघ या तिच्या जुन्या लिपीत शिकवली जाऊ लागली. 2011 च्या राज्यघटनेने तिला अरबीच्या बरोबरीने राजभाषा केले. 2024 पासून यन्नायरला सरकारी सुटी मिळाली. शिक्षक कमी पडतात, काम सावकाश चालते. पण वाट मोकळी झाली.

आणि देश फुटला का? नाही. अगादीर बांधणाऱ्यांना हे पूर्वीच उमगले होते. कोठार सर्वांचे, पण आत प्रत्येकाची खोली आणि प्रत्येकाची किल्ली. ज्याची खोलीच नाही, तो भिंत राखायला कशाला येईल?

गुरुजनहो, आपल्या राज्यातही कुणाच्या घरी भिली बोलतात, कुणाच्या घरी कोरकू, कुणाच्या घरी गोंडी. उद्या वर्गात एखादे पोर गप्प बसलेले दिसले, तर आधी त्याला एवढेच विचारा, “बाळ, तुझ्या घरी याला काय म्हणतात?”