मुल्कोवालचा चिमटा आणि परिचारिकांचे शिक्षण

परिचारिका-विद्यार्थिनींचे रुग्णसुरक्षाविषयक ज्ञान व आचरण मोजण्याची पद्धत आपल्याकडे आता रूढ झाली आहे. प्रश्नावली वाटावयाची, गुण मांडावयाचे, आणि ज्ञान समाधानकारक परंतु आचरण त्या मानाने उणे, असा निष्कर्ष पुष्कळदा नोंदवावयाचा. या उणेपणाचा अर्थ लावण्यास इतिहासातील एक प्रकरण उपयोगी पडते.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. पुढे कोल्हापूर संस्थानही त्यातून सुटले नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व ५३-एन या एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. त्याच दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांतील लशीने कोणासही धनुर्वात झाला नाही.

चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेकडे दिला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वास्तविक, बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व ज्योतीवर न धरता, नुसता कार्बोलिक द्रवात खळबळून तो पुन्हा वापरला गेला, ही गोष्ट चौकशीत पुढे आली होती. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी हा विषय लावून धरला, तेव्हा कोठे १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

साहाय्यकास निष्काळजी ठरवून प्रकरण मिटविणे सोपे आहे. न्याय्य मात्र नव्हे. चिमटा स्वच्छ केला पाहिजे हे त्यास ठाऊक होते, आणि आपल्या समजुतीप्रमाणे त्याने तो केलाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात व कार्बोलिकच्या क्षणिक स्पर्शाने मरत नाहीत, हे कारण त्याच्यापर्यंत पोहोचले नसावे. 'उपकरणे स्वच्छ करावीत काय?' या प्रश्नास त्याने 'होय' लिहून पूर्ण गुण मिळविले असते!

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, स्त्री-विभागासाठी १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. पदभार घेण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या निवर्तल्या. रुग्णसेवेस विद्येची जोड हवी, हे संस्थानाने इतक्या आधी जाणले होते. परंतु विद्या कोणती, हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रम-मार्गदर्शिकेत चुकांपासून शिकणे हा स्वतंत्र विषय आहे, हे लक्षणीय होय. रात्रपाळीस एकट्या पडलेल्या विद्यार्थिनीच्या हातातील सुई मेजास लागली, तर "सिस्टर, ही सुई टाकून दुसरी घेते" असे तिला निःशंकपणे म्हणता येते काय? वॉर्डात सिरिंजा मोजून मिळत असतील, तर या प्रश्नाचे उत्तर केवळ तिच्याकडे नसते. मुल्कोवालला त्या दिवशी काम थांबले नाही. चिमटा पडल्याची नोंद झाली ती एकोणीस जण गेल्यानंतर, आणि तिला वजन मिळण्यास आणखी वर्षे लागली.